कॉम्प्युटर गिरणीसारखा का घरघरतो, आणि त्याला गप्प कसं करायचं

मे महिन्यातली दुपार होती. भाच्याचा फोन आला आणि त्याच्या आवाजामागे काहीतरी घरघरत होतं. मला वाटलं, ताई मिक्सरवर चटणी वाटतेय.

"मामा, प्रोसेसर ९५ दाखवतोय. जळेल का?"

भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लग्नसराईत त्याचा कॉम्प्युटर दिवसाचे बारा-चौदा तास चालू असतो. घरघर मिक्सरची नव्हती, त्याच्याच टेबलाखालून येत होती. ताईची तक्रार वेगळी होती : "अरे, रात्री दोन वाजता घरात गिरणी चालू असल्यासारखं वाटतं."

एकाला तापमानाची काळजी, दुसरीला आवाजाचा वैताग. बहुतेक लोक ही दोन वेगळी दुखणी समजतात. वर असंही धरून चालतात, की कॉम्प्युटर थंड हवा असेल तर आवाज सोसा आणि शांत हवा असेल तर तापू द्या. माझं मत असं, की दुखणं एकच आहे. उष्णतेला स्वतःचा आवाज नसतो. आवाज होतो तो तिला घाईघाईने बाहेर हाकलताना. म्हणून शांत कॉम्प्युटर बांधायचा तर आधी ही घाई कुठे आणि कशामुळे होते ते बघावं लागतं.

एक खुलासा सुरुवातीलाच. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या खोक्यालाच 'सीपीयू' म्हणायची पद्धत आहे. इथे खोक्याला कॅबिनेट म्हणू, आणि आत बसलेल्या मुख्य चिपला प्रोसेसर.

एवढी उष्णता येते कुठून?

मिक्सर वीज खातो आणि चटणी वाटतो. पंपाला वीज दिली की पाणी गच्चीवर चढतं. कॉम्प्युटर मात्र काही उचलत नाही, काही दळत नाही. त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. प्रोसेसर १०० वॅट घेतो याचा अर्थ १०० वॅटची शेगडी कॅबिनेटमध्ये पेटलेली आहे.

१९९३ साली आलेला पहिला पेन्टियम साधारण १५ वॅट घ्यायचा. २०२२ सालच्या इंटेल आय-नाइन १३९००के या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीपुढे हे किरकोळ वाटेल. पण इस्त्रीची उष्णता दोनशेच्या आसपास चौरस सेंटिमीटरच्या तळावर पसरलेली असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. प्रोसेसरची आतली सिलिकॉनची चकती जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरची. तिथे हाच आकडा शंभराच्या घरात जातो. इस्त्रीच्या वीस पट दाट उष्णता, तीही टपाल तिकिटाहून लहान जागेत.

भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये एएमडी कंपनीचा रायझन ७ ७७००एक्स हा प्रोसेसर आहे. त्याच्या वेष्टनावर १०५ वॅट लिहिलेलं असलं तरी पूर्ण जोर लावल्यावर तो १४२ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, त्याचे ११५. रॅम, मदरबोर्ड, एसएसडी वगैरे मिळून आणखी चाळीसेक. झाले ३०० वॅट. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे दार लावलेल्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत भाचा एकटा नसतो, त्याच्याबरोबर तीन पाहुणे दिवसभर बसलेले असतात.

बशीतला चहा आणि मोदकपात्र

ही उष्णता बाहेर पडेपर्यंत चार-पाच हातांतून जाते, आणि त्यातला प्रत्येक टप्पा आपल्या स्वयंपाकघरात रोज घडत असतो.

प्रोसेसरच्या डोक्यावर बसवतात त्या धातूच्या सांगाड्याला कुलर म्हणतात. तळाशी तांब्याचा ठोकळा, त्यातून वर जाणाऱ्या नळ्या आणि त्या नळ्यांवर ओवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. पत्रे कशासाठी? गरम चहा आपण बशीत ओततो त्याच कारणासाठी. चहा तेवढाच, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो.

नळ्यांची गंमत जास्त आहे. त्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी असतं आणि हवा जवळजवळ काढून टाकलेली असते, त्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या खूप आधीच उकळतं. खालच्या गरम टोकाला वाफ होते, वरच्या थंड टोकाला जाऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी खाली झिरपतं. मोदकपात्राच्या झाकणाला आतून थेंब जमतात ना, तोच हा प्रकार. आणि वाफ किती उष्णता वाहून नेते हे ज्याने झाकण उघडताना मनगटावर चटका खाल्लाय त्याला सांगायला नको. ही हीटपाइपची युक्ती १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी प्रत्यक्षात आणली. पुढे ती अवकाशयानांतही वापरली गेली. आज तीच नळी दीड-दोन हजारांच्या कुलरमध्ये चार-चार मिळते.

प्रोसेसर आणि कुलर यांच्यामध्ये थर्मल पेस्ट लावतात. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. तांब्यातून उष्णता हवेपेक्षा पंधरा हजार पट सहज वाहते, म्हणजे ती अडकलेली हवा किती मोठी अडचण आहे बघा. पेस्टचं काम तिला हुसकावण्याचं. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नसते. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो, कुलर दाबला की तो आपोआप पसरतो.

इथे माझी एक फजिती सांगतो. माझा पहिला कॉम्प्युटर मी स्वतः जोडला तेव्हा बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाईपर्यंतच तापमान नव्वदला टेकलं. पेस्ट बदलली, स्क्रू आवळले, पंखा बदलून बघितला. दोन दिवसांनी लक्षात आलं की कुलरच्या तळाला कंपनीने चिकटवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद मी काढलाच नव्हता. त्यावर 'वापरण्यापूर्वी काढा' असं ठसठशीत छापलेलं होतं.

पंखा थंड करत नाही

हा मुद्दा आपल्या हवामानात सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश.

डोक्यावरचा पंखा लावला की आपल्याला गार वाटतं, कारण घाम सुकतो. प्रोसेसरला घाम येत नाही. कॅबिनेटमधला पंखा खोलीतली हवा आत ओढतो आणि तापलेली हवा बाहेर टाकतो, बस्स. खोलीत ३६ अंश असतील तर कितीही महागडा पंखा लावा, प्रोसेसर ३६ च्या खाली जाणार नाही. तो नेहमी खोलीच्या तापमानापेक्षा 'अमुक इतका वर' असतो.

म्हणून परदेशी परीक्षणांत 'हा कुलर लावल्यावर फक्त ६८ अंश' असं वाचलं की लगेच हुरळून जाऊ नका. ती मोजणी बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत झालेली असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ पार करतो, पुण्या-मुंबईतही दुपारी घरात ३४-३५ सहज असतात. त्या ६८ मध्ये आपले तेरा-चौदा मिळवले की होतात ८२. कुलर तोच, हिशेब आपला.

दुसरा आकडा हवेचा. ३०० वॅटची उष्णता बाहेर काढताना हवा जेमतेम दहा अंशांनीच तापावी असं वाटत असेल, तर दर सेकंदाला सुमारे २५ लिटर हवा कॅबिनेटमधून आरपार जायला हवी. दर सेकंदाला मोठी बादली भरून. वाट अर्धी बुजलेली असेल आणि हवा निम्मीच जात असेल, तर आतली हवा वीस अंशांनी तापते. मग प्रोसेसरचा पंखा ती तापलेली हवाच प्रोसेसरवर मारत बसतो, आणि उपयोग होत नाही म्हणून आणखी जोरात मारतो.

उदबत्तीची परीक्षा

रविवारी मी ताईकडे गेलो. कॉम्प्युटर कुठे होता? कॉम्प्युटर टेबलाच्या त्या खास कप्प्यात. ही टेबलं ज्याने पहिल्यांदा बनवली त्याला मला एकदा भेटायचंय. खाली उजवीकडे कॅबिनेटच्या मापाचा कप्पा, तीन बाजूंनी प्लायवूड, आणि पुढे चक्क दार. कॅबिनेटला शाल गुंडाळून कपाटात बसवल्यासारखं.

कॅबिनेटही भारी. दर्शनी बाजूला अख्खी काच, तिच्यामागे तीन रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे. दुकानदाराने 'एअरफ्लो एकदम मस्त' म्हणून दिलेलं. काचेतून दिवे दिसतात, हवा जात नाही. हवेला वाट फक्त काचेच्या कडेची बोटभर फट.

मी ताईच्या देवघरातून एक उदबत्ती आणली. हवा कुठून कुठे जाते हे बघायला याहून स्वस्त उपकरण नाही. काचेसमोर धरली, धूर सरळ वर गेला. म्हणजे तिथे ओढ नावालाच. फटीजवळ नेली तेव्हा धुराची बारीक रेघ आत वाकली. मग मागच्या बाजूला धरली. मागचा पंखा धूर जोरात बाहेर फेकत होता, तो चार बोटांवरच्या प्लायवूडवर आदळत होता, वर चढत होता, कप्प्याच्या छताला लागून पुढे येत होता आणि काचेच्या फटीतून पुन्हा आत जात होता. भाचा गुडघ्यांवर बसून बघत होता. "मामा, हा तर गोल फिरतोय."

तेच तर. त्याचा कॉम्प्युटर खोलीतली हवा घेतच नव्हता. स्वतःचा उच्छ्वास पुन्हा पुन्हा पीत होता. खोलीत ३५ अंश होते, कप्प्यात थर्मामीटर ठेवला तर ४७.

कॅबिनेट बाहेर काढून टेबलाच्या शेजारी, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवलं. खर्च शून्य. दहा मिनिटांत घरघर निम्म्यावर आली.

हळू फिरणाऱ्या पंख्याचं गणित

आता आवाजाकडे वळू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, आणि हे माप सरळ चढत नाही. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो.

पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. उलट वेग निम्मा केला की हवा निम्मी होते आणि आवाज १५ डेसिबलने उतरतो. आणि तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. तिन्ही गोष्टी एकत्र मांडा. मिनिटाला १६०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी ८०० फेऱ्यांनी फिरणारे दोन लावले, तर हवा साधारण तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी, म्हणजे कानाला निम्म्याहूनही कमी. मोठ्या पंख्याचंही तसंच. १४० मिलिमीटरचा पंखा १२० च्या तुलनेत ३६ टक्के जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तेवढीच हवा तो कमी वेगात हलवतो.

मग सगळेच असं का करत नाहीत? कारण यात एक मेख आहे. वेग निम्मा केला की पंख्याचा दाब, म्हणजे हवा ढकलायची ताकद, निम्मी नव्हे तर पाव होते. हळू पंखा मोकळ्या वाटेवर उत्तम चालतो, पण पुढे काच, दाट जाळी किंवा धुळीची गोधडी आली की हात टेकतो. शांत कॉम्प्युटरसाठी पुढची बाजू जाळीची हवी ती एवढ्यासाठी. काच आणि शांतता एकत्र क्वचितच नांदतात. दिव्यांची हौस असेल तर ती बाजूच्या काचेतून भागवावी.

पंखे लावताना पुढून आत, मागून आणि वरून बाहेर असा सरळ रस्ता ठेवायचा. जुन्या वाड्यात पुढचं आणि मागचं दार समोरासमोर असायचं आणि मधल्या घरातही वारा लागायचा, तसं. पंखा कोणत्या तोंडाने लावायचा हे ओळखायची खूण : ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित जोरावर ठेवले, की फटीफटीतून धूळ आत शिरत नाही. ती पुढच्या जाळीवरच अडकते, आणि जाळी धुता येते.

आवाज किती, यापेक्षा कसा

मोजमापात दोन कॉम्प्युटर सारखे भरतात, तरी एकाचा त्रास होतो आणि दुसऱ्याचा होत नाही. पावसाची संततधार चालू असताना आपण गाढ झोपतो, पण नळाचं टपटप जागं करतं.

पहिला दोष सुराचा. पंख्याला नऊ पाती असतील आणि तो मिनिटाला १००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला १५० वेळा पातं एकेका काडीजवळून जातं आणि तेवढ्या कंपनांचा मंद सूर लागतो. शेजारचा तसाच पंखा १०२० वर फिरत असेल तर त्याचा सूर १५३ वर. तानपुरा जुळवताना दोन तारांचे सूर जवळ आले पण जुळले नाहीत की जी लाट ऐकू येते, तशी लाट इथेही सेकंदाला तीनदा उठते. वूं-वूं-वूं. पंखे चांगले असूनही डोकं उठतं. उपाय सोपा : एकाचा वेग शे-दोनशेने बदलून टाकायचा.

दुसरा दोष चंचलपणाचा, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ हेच आहे. प्रोसेसर लहान असतो, त्यामुळे ब्राउझर उघडला तरी त्याचं तापमान एका सेकंदात पंधरा-वीस अंश उडी मारतं आणि लगेच खाली येतं. कंपनीच्या सेटिंगमध्ये पंखा या प्रत्येक उडीमागे धावतो. घ्यूंऽऽ करून चढतो, उतरतो, परत चढतो. शीघ्रकोपी माणसासारखा. कुलरच्या धातूला तापायला तेवढ्यात वेळही मिळालेला नसतो, म्हणजे ती सगळी धावपळ फुकट. बायॉसमध्ये फॅन कर्व्ह नावाचा तक्ता असतो, कोणत्या तापमानाला पंखा किती पळवायचा ते सांगणारा. तिथे साठ-पासष्ट अंशांपर्यंत रेघ सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढू द्या आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा. भाच्याच्या घरी या पाच मिनिटांच्या कामाने ताईला जेवढा फरक जाणवला, तेवढा नव्या पंख्यांनीही जाणवला नसता.

मुळात कमीच तापवलं तर?

प्रोसेसर किती वीज खातो हे त्याच्या वेगावर अवलंबून असतं आणि त्याला दिलेल्या व्होल्टेजच्या वर्गावर, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेज. शेवटचे चार-पाच टक्के वेग काढायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं, आणि वर्ग असल्यामुळे उष्णता फुगत जाते. घाटाच्या शेवटच्या वळणावर गाडी रेमटवून दोन मिनिटं वाचवायची आणि त्यासाठी लिटरभर पेट्रोल जाळायचं, असा तो व्यवहार. कंपन्या हा व्यवहार मुद्दाम करतात, कारण खोक्यावर आणि तुलनेच्या तक्त्यावर मोठा आकडा खपतो.

रायझनमध्ये इको मोड असतो, म्हणजे कमी वीज खायची सोय. भाच्याच्या प्रोसेसरला ६५ वॅटचा इको मोड लावला की कमाल मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते. काम किती मंदावतं? तासाभराच्या रेंडरमध्ये, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढण्याच्या कामात, काही मिनिटांचा फरक पडतो, एरवी कळतही नाही. आणि हे काही जुगाड नाही. आठ कोरचा हाच प्रोसेसर कंपनी स्वतः ७७०० या नावाने ६५ वॅटचा म्हणून विकते. इंटेलमध्ये बायॉसमधूनच वीजमर्यादा ठरवता येते. ग्राफिक्स कार्डलाही सॉफ्टवेअरमधून ती मर्यादा खाली आणता येते.

पन्नास-पंचावन्न वॅट बाहेर हाकलायला दोन पंखे आणायचे, की ते निर्माणच होऊ द्यायचे नाहीत? उन्हाळ्यात ३५ अंशांच्या खोलीत काम करणाऱ्याने तरी आधी हे बटण शोधावं आणि मगच दुकानात जावं. सगळं आवरल्यावर भाच्याचा प्रोसेसर भर रेंडरमध्ये ७४ वर थांबला, पंखे ९०० फेऱ्यांच्या आसपास.

पण ९५ अंश म्हणजे धोकाच ना?

नाही. त्या पिढीच्या रायझनसाठी ९५ ही कंपनीनेच ठरवलेली मर्यादा आहे, बऱ्याच इंटेल प्रोसेसरसाठी ती १०० आहे. तिथे पोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि तापमान रोखतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे तो जळत नाही, तुम्ही पैसे मोजलेला वेग देत नाही, एवढंच.

खरी काळजी त्याच्या शेजाऱ्यांची. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पेटीत, कपॅसिटर नावाचे लहान डबे असतात आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. कॅबिनेटमधली हवाच सतत पन्नाशीला असेल तर आधी ते जातात. लोक प्रोसेसरचा आकडा बघत बसतात, आणि मरतो एसएमपीएस.

बाजूचं झाकण काढून ठेवलं तर?

आपल्याकडचा हा राष्ट्रीय उपाय. काही घरांत तर उघड्या कॅबिनेटसमोर टेबल फॅनही असतो. निदान म्हणून उत्तम : झाकण काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर समजावं की हवेची वाट बुजलेली आहे. उपचार म्हणून वाईट. पंख्याचा आवाज थेट कानावर येतो, धूळ मनसोक्त बसते, आणि पालीला तिथली ऊब फार आवडते.

पाण्याचं कुलिंग जास्त शांत असेल ना?

पाणी इथे हमाल आहे. प्रोसेसरकडची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, तिथे शेवटी पंख्यांनाच ती हवेत सोडावी लागते. शिवाय पंपाची बारीक गुणगुण चोवीस तास. दोन-अडीचशे वॅटचा प्रोसेसर असेल तर त्याला अर्थ आहे. ८८ वॅटसाठी साधा टॉवर कुलर पुरतो आणि त्यात बिघडण्यासारखा फक्त एक पंखा असतो. पाण्याचंच घेतलं तर रेडिएटर पंपापेक्षा उंचावर बसवा, म्हणजे आतला हवेचा बुडबुडा वर राहतो आणि पंपात गुळगुळत नाही.

मग पंखाच नको, असं नाही का करता येत?

येतं. नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने २०२१ साली एनएच-पी१ नावाचा बिनपंख्याचा कुलर आणला, विटेहून मोठा, जाड पत्र्यांचा. पण तो हवेच्या आपोआप वर चढण्यावर अवलंबून असतो, आणि आपल्या उन्हाळ्यात चिप आणि हवा यांच्या तापमानातलं अंतर मुळातच कमी उरतं. टायपिंग आणि बिलांच्या कॉम्प्युटरला चालेल. रेंडरला मी तरी लावणार नाही. पाचशे फेऱ्यांचा मोठा पंखा हातभर अंतरावरून ऐकूच येत नसेल, तर तो काढून काय मिळवायचं?

डोक्यावर पंखा फिरतोय, तिथे याचं कौतुक कशाला?

प्रश्न रास्त आहे. छताच्या पंख्याच्या वाऱ्याखाली शांत कॉम्प्युटर आणि मध्यम कॉम्प्युटर यांतला फरक झाकला जातो. म्हणून सर्वांत महागडे पंखे घेण्याचा सोस बहुतेक मराठी घरांत वाया जातो, हे मी आनंदाने मान्य करतो. पण छताचा पंखा एकसुरी असतो, कान त्याला विसरतात. चढ-उतार करणारा कॉम्प्युटर त्या आवाजातूनही वर येतो. आणि डिसेंबरात छताचा पंखा बंद असतो, रेंडर मात्र रात्री दोनपर्यंत चालूच.

एसएमपीएस, हार्ड डिस्क आणि इतर मंडळी

पंखे गप्प झाले की दबलेले आवाज वर येतात. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्यांनी फिरते आणि सेकंदाला १२० कंपनांची घुमी लावते. ती कॅबिनेटच्या पत्र्याला, तिथून टेबलाला जाते. कामासाठी फिरता भाग नसलेली एसएसडी लावा आणि मोठी डिस्क रबराच्या वॉशरवर बसवा. एसएमपीएस स्वस्तातला असेल आणि ७५ टक्केच कार्यक्षम असेल, तर ३०० वॅट पुरवताना १०० वॅट स्वतःच उधळतो. ९० टक्केवाला तेहतीसेक वॅटवर भागवतो. ग्राफिक्स कार्डातून कधी किरकिरा सूर येतो तो पंख्याचा नसतो, आतल्या वेटोळ्यांच्या कंपनांचा असतो. गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची, मर्यादा घातली की तो बराच कमी होतो. आवाज अडवायला आतून फोम चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, तो वाऱ्याची जागा खातो.

राहता राहिली धूळ. सहा महिन्यांतून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि होळीच्या सुमारास, झाकण उघडून मऊ ब्रशने आणि ब्लोअरने आतली धूळ काढायची. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवायची. मोकळी सोडली तर ती भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं आणि उलट वीज तयार होऊन मदरबोर्डकडे जाऊ शकते. भाच्याच्या पंख्यांवरची धूळ ब्रशने निघेना, बोटाला काळपट चिकट लागली. वास घेतला, चंदनाचा. टेबलाच्या बरोबर वर देवघर आहे आणि रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन उदबत्त्या. टेबल आम्ही खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. देवघर हलवायचा पर्याय मी ताईसमोर मांडलाच नाही.